दाब, धर, सोड

बुधवार, नऊ एप्रिल, सकाळचे सात वाजून बावन्न मिनिटे. टेकडीवरून शहरात उतरणाऱ्या रस्त्याला एकूण सात वळणे आहेत. त्यांपैकी चौथ्या वळणावर भिंगरीचा उजवा गुडघा नेहमीपेक्षा दीड बोट जास्त खाली गेला. भिंगरी म्हणजे तपासनिसांची एकुलती एक मुलगी, वय अडतीस, व्यवसायाने दातांची डॉक्टर. वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यात सोडून पुढे आपल्या दवाखान्यात जायचे, असा तिचा त्या दिवशीचा बेत होता. तपासनीस तिच्या शेजारी बसले होते. रस्त्यावर काही घडले नाही. पुढची बस जशी चालली होती तशीच चालत राहिली, कोपऱ्यावरच्या फुलवालीने बादली उचलून आत नेली. पण चौतीस वर्षे बसच्या डेपोत ब्रेक तपासणाऱ्या माणसाला पेडल पाहावे लागत नाही, गुडघा पुरतो. तपासनिसांचा स्वतःचा उजवा पाय, ज्याच्यासमोर पेडल नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते, जमिनीवर घट्ट दाबला गेला होता, आणि वळण संपल्यावरही तो तिथून हलेना.

"पेडल खाली गेलं," ते म्हणाले.

"बाबा, माझ्या पायाकडे काय बघताय? समोर बघा."

"समोर तू बघते आहेस. गेलं ना खाली?"

"थोडंसं. पुन्हा दाबलं की येतं वर."

"कधीपासून?"

"रविवारपासून," भिंगरी म्हणाली आणि चोरी पकडली गेल्यासारखी हसली. "ट्रॅकवर पाचव्या फेरीत एकदम मऊ पडलं. स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. मग मी बाहेर आले, गाडी थंड होऊ दिली. झालं की ठीक."

"ठीक नाही झालं. गप्प बसलं. दुसरा गिअर टाक, सावकाश खाली चल आणि पंपाजवळून वळव. घरी जायचंय."

"आणि तुमचे डोळे?"

"डोळे कुठे पळून जात नाहीत."

चढावर ब्रेक लागत नाही, म्हणून परतताना दोघेही बोलण्यास मोकळे होते. महिन्यातून एका रविवारी शहराबाहेरचा शर्यतीचा ट्रॅक सर्वांना खुला असतो; भिंगरी गेले वर्षभर तिथे आपली रोजची गाडी घेऊन जाते. सोमवारी तीच गाडी तिला दवाखान्यात नेते. ही गोष्ट तपासनिसांना ऐकून माहीत होती, जशी आपल्याला दूरच्या नातेवाइकांची आजारपणे माहीत असतात. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. दोन महिन्यांतून एकदा येई, घड्याळ पाहत जेवी आणि निघताना दारात उभी राहून एवढे बोले की सगळी भेट दारातच झाल्यासारखी वाटे. आता मात्र ती सांगत होती की कोणते ब्रेक ऑइल घालावे यावर तिला तीन लोकांनी तीन मते दिली आहेत. गॅरेजवाला म्हणतो साधे घाला, ट्रॅकवरची मंडळी म्हणतात थेट शर्यतीचेच घाला, सोबतचा एकजण म्हणतो मधले घाला. तिघेही शपथेवर सांगतात. "माझं डोकं चालेना," ती म्हणाली. "चार मेला पुढचा ट्रॅक डे आहे. तुम्ही सांगाल ते घालते."

"ऑइल म्हणू नकोस. ते तेल नव्हे. फ्लुइड," असे तपासनीस म्हणाले खरे, पण ते सवयीने. 'तुम्ही सांगाल ते' हे तीन शब्द त्यांच्या कानात शिरून कुठेतरी आत, मानेच्या मागे, ऊन पडावे तसे पसरत होते. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती. या अकरा वर्षांत त्यांना लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते: कात्री कुठे ठेवली, औषध घेतले का, खिडकी लावू का. मत कोणी मागितले नव्हते. पूर्वी डेपोत सकाळी सहा वाजता चाळीस बसगाड्या ओळीने उभ्या असत आणि त्यांनी मान हलवल्याखेरीज एकही चाक फाटकाबाहेर पडत नसे. तेव्हा मान हलवणे हा आनंद आहे हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. मीठ जेवणात असते तोवर कोण त्याची चव घेतो? गाडी अंगणात शिरली, तेव्हा त्यांनी दार उघडण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून घेतले. मग ते उतरले, पुढचे झाकण उघडले, ब्रेकच्या लहान टाकीचे टोपण फिरवले आणि वाकून वास घेतला. गोडसर, थोडा जळका. रंग चहासारखा. चांगल्या फ्लुइडचा रंग मधासारखा असतो. "गाडी इथेच राहील," ते म्हणाले. "तू बसने जा."

"किती दिवस?"

"अठरा."

"अठरा? बाबा, बाटली निवडायचीय, नवरा नाही."

"नवरा निवडताना तू अठरा मिनिटंही घेतली नव्हतीस," आतून तपासनिसांची पत्नी म्हणाली. पत्नी निवृत्त परिचारिका होती आणि चार भिंतींपलीकडचेही तिला ऐकू येई. "चांगला निघाला हे त्याचं नशीब."

अठरा हा आकडा तपासनिसांनी हवेतून काढलेला नव्हता. तंत्रविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना वाहनशास्त्र शिकवायला एक शिक्षक होते, ज्यांची डावी भुवई अर्धी जळलेली होती. मुले त्यांना अर्धभुवई म्हणत. या अर्धभुवईंनी सत्राच्या पहिल्या दिवशी एकाच डब्यातले ब्रेक फ्लुइड दोन ठिकाणी ओतले, एक बुचाच्या बाटलीत आणि एक उघड्या बशीत, आणि दोन्ही खिडकीत ठेवून दिले. अठरा दिवस ते त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी विचारले, "कोणतं चांगलं?" मुलांनी निरखून पाहिले, वास घेतला, एकाने तर बोट बुडवले. फरक काही दिसेना. मग त्यांनी दोन्ही परीक्षानळ्यांत तापवली. बाटलीतले दोनशे चाळीस अंशांना उकळले, बशीतले दीडशेच्याही आत. "हे हवेतलं पाणी पितं," अर्धभुवई म्हणाले. "गुपचूप पितं, तोंड पुसून बसतं. पाणी लवकर उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. तुमचा पाय पेडलवर, पेडल जमिनीवर, आणि गाडी आपली चाललीये. डोळ्यांना काही दिसलं नाही ना? म्हणूनच मोजायचं." पुढच्या आयुष्यात तपासनिसांनी पुष्कळ काही मोजले: ब्रेकच्या पट्ट्यांची जाडी, थांबण्याचे अंतर, पत्नीच्या आजारपणातला ताप, मुलीची उंची दाराच्या चौकटीवर. जे मोजता आले नाही त्याच्याजवळ ते फारसे थांबले नाहीत, असे त्यांना कधी कधी वाटे; पण ते वाटणे किती, हे कसे मोजणार?

त्याच बुधवारी मागच्या व्हरांड्यात विजेची शेगडी, तीनशे साठ अंशांपर्यंतचा तापमापक आणि तीन परीक्षानळ्या मांडल्या गेल्या. "माझ्या स्वयंपाकघरात ही पीडा नको," असे पत्नीने बजावले होते आणि मग पहिली उकळी पाहायला तीच सर्वांत आधी खुर्ची घेऊन बसली. भिंगरीच्या गाडीतून काढलेले जुने फ्लुइड एकशे त्रेसष्ट अंशांना बुडबुडले. तपासनीस बराच वेळ तो आकडा पाहत राहिले. ट्रॅकवाल्यांनी भिंगरीच्या गाडीच्या ब्रेकच्या पकडींवर, म्हणजे चाकाशी ब्रेक आवळणाऱ्या भागांवर, उष्णता दाखवणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. जेवढी उष्णता पोचली तेवढा चौकोन काळा पडतो. पुढच्या दोन्ही पकडींवर एकशे नव्वदचा चौकोन काळा होता. एकशे नव्वदमधून एकशे त्रेसष्ट वजा. शाळेतल्या मुलाचे गणित. पण ते उत्तर म्हणजे पाचवी फेरी होती, आणि पाचव्या फेरीत आपली मुलगी स्पंजावर पाय ठेवून होती. त्यांच्या तळव्याला घाम आला. मग दुपारी चार वाजता भिंगरी दवाखान्यातून थेट बसने आली, धापा टाकत, हातात दात तपासताना घालायचा पांढरा कोट तसाच, आणि व्हरांड्यात शिरताच म्हणाली, "उकळलं का माझं?" तेव्हा तळवा आपोआप कोरडा झाला.

भिंगरीने येताना आणलेल्या तीन नव्या डब्यांपैकी साधे त्यांनी तिथल्या तिथे बाद केले. रस्त्याला ते उत्तम, पण ट्रॅकच्या मानाने हात आखडता. उरली दोन. शर्यतीचे ताजे फ्लुइड तीनशे एकवीस अंशांना उकळले आणि भिंगरीने टाळी वाजवली. मधले दोनशे शहात्तरला. "झालं की मग!" ती म्हणाली. "तीनशे एकवीस कुठे नि दोनशे शहात्तर कुठे! घ्या मोठं."

"लग्नाच्या दिवशी सगळेच देखणे दिसतात," तपासनीस म्हणाले. "डब्याबाहेर आल्यावर कसं वागतं ते बघायचं." त्यांनी दोन सारख्या बश्यांत दोन सारखी मापे ओतली, बश्यांखाली चिठ्ठ्या ठेवल्या आणि बश्या खिडकीत मांडल्या. पत्नीने त्यांना त्याच संध्याकाळी नावे दिली: पहिला पेशंट आणि दुसरा पेशंट. "पहिल्याला जरा जास्त पाणी चढतंय," ती रोज सकाळी गंभीरपणे सांगे, जरी पाहून काहीही कळणे शक्य नव्हते.

आणि भिंगरी येऊ लागली. शुक्रवारी आली. रविवारी आली, दिवसभर राहिली. मंगळवारी एका पेशंटने वेळ रद्द केली म्हणून आली. बश्यांत बघण्यासारखे काही नव्हते. दोन बश्या, दोन मधाळ पातळ थर, त्यांत खिडकीच्या गजांची वाकडी सावली. ती दोन मिनिटे बघे, मान हलवी आणि मग तीन तास बसे. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून ती ट्रॅकवरच्या गोष्टी सांगे: सरळ पट्टीच्या शेवटी पाट्या असतात, दोनशे मीटर, दीडशे, शंभर, आणि आपण कुठल्या पाटीवर ब्रेक दाबतो हे कोणी कोणाला खरे सांगत नाही, शंभराच्या पाटीवर दाबला की पोटात जे होते ते, म्हणाली, दाढ एका झटक्यात अखंड निघते तेव्हा होते तसेच. "तुझ्या पोटात की त्याच्या?" पत्नीने विचारले. तिघेही एवढे हसले की शेजारच्या शिंपिणीने खिडकीतून डोकावून काय झाले विचारले. तपासनीस हसता हसता थांबले आणि आपल्याच घराकडे पाहू लागले. स्टूल तेच होते. फरशी तीच. दाराला लावलेला लाकडी ठोकळाही तोच, जो आता दार वाऱ्याने आपटू नये म्हणून पडून असे. पण तो मुळात दारासाठी नव्हता. भिंगरी सहा वर्षांची असताना त्यांनी तो जुन्या गाडीच्या ब्रेक पेडलवर दोरीने बांधला होता, कारण तिचे पाय पोचत नसत. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसे लागतात: एक चाकाशी, एक पेडलवर. चाकाशी ते स्वतः पाठीवर झोपलेले असत; वरून पेडलवर, मांडीखाली दोन उशा घेऊन, भिंगरी. ते खालून ओरडत, "दाब!" ती वरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडे, "धरलंय!" मग ते स्क्रू सैल करीत, नळीतून बुडबुडा निघून जाई, स्क्रू आवळीत आणि म्हणत, "सोड." दाब, धर, सोड. पाठ जमिनीच्या थंडीने गार, डोळ्यांसमोर चाक, आणि वर कुठेतरी दिसत नसलेली पण शब्दाला पक्की अशी एक मुलगी. पुढे हवा काढायला यंत्र आले आणि दुसऱ्या माणसाची गरज संपली. त्या यंत्राचे डेपोत स्वागत झाले होते. स्वागताचे चार शब्द तेच बोलले होते.

अकराव्या की बाराव्या दिवशी, खिडकीतून बश्यांकडे पाहत उभे असताना, तपासनिसांच्या मनात पाल चुकचुकली. शर्यतीचे फ्लुइड निवडले, तर ते नाजूक म्हणून दर ट्रॅक डेच्या आधी बदलावे लागेल. म्हणजे दर महिन्याला. म्हणजे दर महिन्याला ती येईल. मधले निवडले, तर वर्षातून एकदा. हा हिशेब त्यांनी मुद्दाम केला नव्हता. तो स्वतःच होऊन समोर उभा राहिला, दारात उभ्या राहिलेल्या ओळखीच्या माणसासारखा, आणि हसला. 'तुम्ही सांगाल ते.' त्यांनी नुसते म्हणायचे होते: शर्यतीचे. चूकही ठरली नसती. तीनशे एकवीस हा आकडा मोठा होता, सगळ्या ट्रॅकवाल्यांनी पाठ थोपटली असती, मुलगी सुरक्षित राहिली असती आणि दर महिन्याला त्या उंच स्टुलावर बसली असती. कोणाचे काय जात होते? पण फ्लुइड वेळेवर बदलले तरच सुरक्षित. एखाद्या महिन्यात दवाखान्यात गर्दी झाली, तिने ढकलले, म्हटले पुढच्या वेळी बघू, तर? गोड बोलून मागितलेल्या भेटीवर त्यांनी मुलीचा ब्रेक टांगायचा होता. डेपोत चौतीस वर्षांत त्यांनी एकाही बससाठी मान उगाच हलवली नव्हती. एका मंत्र्याचा उद्घाटनाचा मुहूर्त त्यांनी एका गळक्या नळीसाठी पावणेदोन तास थांबवला होता. आता मान हलवायला सांगत होते ते त्यांचे स्वतःचेच म्हातारपण. आणि गंमत अशी की याने ते खिन्न झाले नाहीत. इतक्या वर्षांनी आपल्याला काही इतके हवेसे वाटू शकते, की त्यासाठी आपण आकडा वाकवायला निघू, या शोधाने त्यांना चक्क तरतरी आली. त्यांनी दोन्ही बश्या जरा आत सरकवल्या, दोन्हींना सारखीच हवा लागेल अशा.

सत्तावीस एप्रिल, रविवार. सकाळी नऊ वाजता तिघेही व्हरांड्यात. शेगडी लाल झाली. पहिला पेशंट, शर्यतीचा, दोनशे तीस अंशांना उकळला. दुसरा, मधला, दोनशे तेहतीसला.

"अगं बाई," पत्नी म्हणाली. "पहिलवान गेला की तीन अंशांनी खाली!"

"घरगुती चाचणी आहे, तीन अंश मी धरत नाही," तपासनीस म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. कुठल्याही निर्णयाआधी ते तसे करीत. "पहिलं एक्क्याण्णव खाली गेलं, दुसरं त्रेचाळीस. हे धरायचं. तुझी पकड एकशे नव्वदला जाते. मधलं अठरा दिवस उघडं राहूनही तुला त्रेचाळीस अंश हातात ठेवतंय. गाडीत तर ते बंद टाकीत राहणार. रस्त्यालाही सोसतं, ट्रॅकलाही. मधलं घाल. वर्षातून एकदा बदलायचं, मोसम सुरू होण्याआधी. बस्स."

"वर्षातून एकदाच?" भिंगरीने विचारले. तिचा आवाज जरा खाली गेला, की त्यांना तसे ऐकावेसे वाटले?

"एकदाच. आणि आणखी एक," ते म्हणाले, आणि मग जे वाक्य मनात नीट बांधून ठेवले होते ते विस्कटले. "ते शर्यतीचं घेतलं असतंस, तर दर महिन्याला बदलायला यावं लागलं असतं. मला ते फार आवडलं असतं. म्हणून मी त्याच्यावर जरा जास्तच संशय घेतला. दोन्हींना सारखी हवा लागावी म्हणून बश्या रोज मोजून फिरवल्या. माझा त्यात स्वार्थ होता, हे तुला माहीत असावं."

परीक्षानळीतला शेवटचा बुडबुडा वर येऊन फुटला. मग भिंगरी हसू लागली; आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग स्टुलावरून उतरून. "बाबा, मेकॅनिककडे यंत्र आहे. एकटा माणूस वीस मिनिटांत हवा काढतो. आणि कुठलं घालायचं हे तुम्ही मला फोनवरसुद्धा सांगितलं असतंत. अठरा दिवस मी दोन-दोन बस बदलून बश्या बघायला येतेय. बश्या! त्यात असतं काय?"

"मग?"

"मग काय मग? ताकाला जाऊन भांडं लपवणारी लेक तुमची," पत्नी म्हणाली. "आणि तुम्ही ताकाचा डेरा लपवून बसलेले. दोघांनाही एकेक इंजेक्शन द्यायला हवं. चला, गाडी दुरुस्त करा, ऊन चढतंय."

अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढवली गेली. तपासनीस सवयीने खाली झोपायला निघाले, गुडघा अर्ध्यात थांबला, आणि भिंगरीने त्यांना हाताला धरून चालकाच्या आसनावर बसवले. खाली ती गेली. दवाखान्यातून तिने दोन हत्यारे आणली होती: एक, दातांचा इवलासा आरसा, ज्यात पकडीमागचा स्क्रू स्पष्ट दिसे, दुसरे, पेशंटची लाळ ओढायची नळी, जिने टाकीतले जुने फ्लुइड एका दमात बाहेर आले. "हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात," ती चाकाखालून म्हणाली, "पण स्क्रूला लागतो. तयार?"

तपासनिसांनी पाय पेडलवर ठेवला. अठरा दिवसांपूर्वी याच पायासमोर काही नव्हते. समोरच्या काचेतून अंगण, दोरीवरचे कपडे, दारात कमरेवर हात ठेवून उभी पत्नी. आणि खाली कुठेतरी, दिसत नसलेली, शब्दाला पक्की अशी एक मुलगी. इतक्या वर्षांत त्यांनी ही बाजू कधी पाहिली नव्हती. वरून हे असे दिसते तर! सहा वर्षांच्या मुलीला दोन उशांवर बसून हे असे दिसत होते: आपण दाबले की कुठेतरी काही घडते, आपण धरले म्हणून कोणी खाली सुरक्षित असतो.

"दाबा!" खालून हाक आली.

त्यांनी दाबले. आणि मग एकाहत्तर वर्षांच्या, उभा जन्म हळू बोलणाऱ्या त्या माणसाने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडून सांगितले, "धरलंय!"

शिंपिणीची खिडकी उघडली. खाली नळीतून एक बुडबुडा गेला, मग दुसरा, मग बारीक तिसरा, मग नुसता मध. "सोडा," भिंगरी म्हणाली. "पुन्हा. दाबा!"

"धरलंय!"

चारही चाके झाली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. पेडल दगडासारखे घट्ट झाले होते. भिंगरी गाडी घेऊन टेकडी उतरली, सातही वळणे घेऊन परत वर आली आणि जेवायला थांबली. चार मेच्या ट्रॅक डेला तिने बावीस फेऱ्या मारल्या. पेडल एकदाही मऊ पडले नाही. संध्याकाळी, फ्लुइडचा रंग बघून द्या म्हणून, ती गाडीसकट अंगणात हजर. पुढच्या आठवड्यात पुन्हा. रंग बदलल्यासारखा वाटतोय म्हणाली. तपासनिसांनी टोपण उघडले, वास घेतला, मान हलवली आणि आपल्या मोजमापांच्या वहीत ओळ लिहिली. रंग मधासारखाच होता.

त्या वर्षअखेरीस वहीत बेरीज होती: फ्लुइड बदलले, एकदा, तपासले, एकेचाळीस वेळा.